चाळिशीत निवृत्ती: साध्या पगारदाराला जमेल का?

साधा पगार असलेल्या माणसाला चाळिशीत काम कायमचं थांबवता येईल का? बहुतेकांना नाही. पंचावन्नच्या आसपास? बऱ्याच जणांना येईल, पण तयारी पंचविशी-तिशीत सुरू झालेली हवी आणि मधे एखादं मोठं संकट कोसळायला नको. आणि पूर्ण न थांबता कामाचा भार कमी करता येईल का? याचं उत्तर सगळ्यांत आशादायक आहे, आणि नेमकं त्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं.

ही तीन उत्तरं कुठून येतात हे कळायला मोठं गणित लागत नाही. शाळेतली टक्केवारी आठवत असेल तरी पुरे.

पंचवीस पट हा आकडा आला कुठून?

निवृत्त व्हायचं तर पगार बंद झाल्यावरही घर चालेल एवढा पैसा साठलेला हवा. किती, हे प्रत्येकाच्या खर्चावर ठरतं, म्हणून तो आकडा खर्चाच्या पटीत सांगतात. लवकर निवृत्तीचा प्रचार करणारे लोक सांगतात ती पट आहे २५. वर्षाला १०० लागत असतील तर २,५०० साठवा आणि थांबा.

यामागे एक जुना अभ्यास आहे. विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली एक साधा प्रश्न घेतला: निवृत्त माणसाने साठ्यातून दर वर्षी किती काढावं, म्हणजे तो मधेच संपणार नाही? त्याने १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर आणि सरकारी रोख्यांचे आकडे तपासले. पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची, असं केलं असतं तर सगळ्यांत वाईट वर्षी निवृत्त झालेल्यालाही साठा ३० वर्षं पुरला असता, असं त्याला दिसलं. १९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांनी साधारण अशीच तपासणी केली आणि ‘४ टक्क्यांचा नियम’ सर्वदूर पोचला. १०० भागिले ४, म्हणून २५ पट.

या नियमात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत आणि त्या डोळ्यांआड करून चालणार नाही. एक, मुदत ३० वर्षांची आहे. साठीत थांबणाऱ्याला ती ठीक, पण चाळिशीत थांबणाऱ्याला ५० वर्षांची सोय लागते. दोन, आकडे एकाच देशाचे आहेत, आणि तेही त्या देशाच्या भरभराटीच्या शतकातले. तीन, कर आणि गुंतवणुकीचा खर्च यांचा हिशेब त्यात नाही. त्यामुळे फार लवकर थांबू पाहणाऱ्याने ४ ऐवजी ३ टक्के, म्हणजे खर्चाच्या साधारण ३३ पट साठा धरावा, असं मला वाटतं. पुढचं गणित मात्र २५ पटीनेच करू, कारण तीच पट सगळीकडे सांगितली जाते. तिच्यातही काय अडतं ते पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

पगारापेक्षा टक्का महत्त्वाचा

समजा कुणी पंचविशीत नोकरीला लागलं. हातात शून्य. पगार महागाईइतका वाढत जातो आणि गुंतवणुकीवर महागाई वजा जाता वर्षाला ५ टक्के मिळतात. हा माणूस पगाराचे १० टक्के बाजूला टाकत असेल तर खर्चाच्या २५ पट साठायला सुमारे ५१ वर्षं लागतात. २० टक्के टाकले तर ३७ वर्षं, ३० टक्के टाकले तर २८, निम्मा पगार टाकला तर १७ च्या आत. पगाराचा आकडा या हिशेबात कुठेच येत नाही. येतो तो फक्त टक्का.

टक्का बदलला की वर्षं एवढी का घसरतात? बचत वाढली की साठा लवकर वाढतो, हे उघड आहे. पण त्याच वेळी खर्च घटलेला असतो, म्हणून गाठायचा आकडाही खाली येतो. महिन्याचा खर्च १ ने कमी झाला की वर्षाचा १२ ने कमी होतो, आणि लागणारा साठा त्याच्या २५ पट, म्हणजे ३०० ने. पगारवाढ झाली की त्या प्रमाणात राहणीमान वाढवणाऱ्या माणसाचं नेमकं उलट होतं. पगार दुप्पट झाला, खर्चही दुप्पट झाला, तर निवृत्ती एका दिवसानेही जवळ येत नाही.

या आकड्यांत साध्या माणसासाठी एक दिलासाही आहे. बचत ५० वरून ६० टक्क्यांवर नेली तर सुमारे ४ वर्षं वाचतात. तीच १० वरून २० वर नेली तर वाचतात १४-१५ वर्षं. म्हणजे सगळ्यांत मोठा फरक तळाशी पडतो, जिथे बहुतेक लोक आहेत तिथे. निम्मा पगार वाचवणाऱ्यांच्या कहाण्या वाचून ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणत १० टक्क्यांवरच थांबणाऱ्याचं म्हणून फार नुकसान होतं.

मग अडतं कुठे?

इथपर्यंतचा हिशेब अनेक जण सांगतात आणि तो बरोबरच आहे. पण पुढचं वाक्य बहुधा असं येतं: ‘म्हणजे हा सगळा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.’ ते मला मान्य नाही.

घरभाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, औषधं, मुलांची फी, कामावर जाण्यायेण्याचा खर्च. यांना एक तळ असतो आणि त्याखाली काटकसर जात नाही. एकाचा पगार १०० आहे आणि हा तळ ८५ चा. पोटाला चिमटा घेऊनही तो १५ टक्केच वाचवू शकतो. त्याला ४३ वर्षं लागतील. दुसऱ्याचा पगार ३००. त्याने पहिल्याच्या दुप्पट ऐसपैस राहायचं ठरवलं आणि १७० खर्च केले, तरी उरलेल्या १३० वर तो २० वर्षांत मोकळा होतो. पहिल्याची शिस्त दुसऱ्यापेक्षा कडक आहे, तरी तो २३ वर्षं मागे राहतो. शिस्त हवीच, पण शिस्तीला राबायला जागा हवी, आणि ती जागा उत्पन्नातून येते.

लवकर निवृत्तीच्या चळवळीत, जिला जगभर ‘फायर’ (‘फायनान्शियल इंडिपेंडन्स, रिटायर अर्ली’ची आद्याक्षरं) म्हणतात, ज्यांची उदाहरणं दिली जातात ते लोक पाहा. सगळ्यांत प्रसिद्ध पीटर ॲडेनी. तो २००५ साली तिशीतच निवृत्त झाला आणि पुढे त्याच्या लेखनाने ही चळवळ लोकप्रिय केली. त्याची काटकसर खरी होती. पण तो सॉफ्टवेअर इंजिनिअर होता आणि त्याची पत्नीही त्याच क्षेत्रात कमावत होती. दोन भरघोस पगार आणि एका पगारात भागेल एवढा खर्च, हे समीकरण ज्यांना मिळालं त्यांना ते फळलं. हातावर पोट असलेल्या माणसासमोर तेच उदाहरण ठेवून ‘तुम्ही का नाही?’ असं विचारणं अन्यायाचं आहे.

आणि ज्यांना लवकर थांबण्याची खरी गरज असते त्यांचं काय? बांधकामावरचा मजूर, रुग्णालयातली परिचारिका, मालवाहू गाडीचा चालक, यंत्रावर उभ्याने काम करणारा कामगार. यांचे गुडघे आणि कंबर पन्नाशीतच कुरकुरायला लागतात. टेबलावर बसून काम करणारा माणूस पासष्टीपर्यंत रेटू शकतो. म्हणजे ज्यांचं शरीर आधी थकतं, त्यांच्याकडेच थांबण्यापुरता साठा सहसा नसतो. या प्रश्नाचं उत्तर वैयक्तिक बचतीत शोधून सापडणार नाही. ते सरकारी पेन्शनच्या नियमांत आहे, आणि तिथे वारं उलट्या दिशेने वाहतं आहे. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला तेव्हा वयाची अट ७० होती. १९१६ मध्ये ती ६५ वर आली, आणि विसाव्या शतकात अनेक देशांत हे वय खाली येत गेलं. आता ते पुन्हा चढतं आहे. फ्रान्सने २०२३ मध्ये देशभर झालेल्या तीव्र विरोधानंतरही ते ६२ वरून ६४ वर नेण्याचा कायदा केला. डेन्मार्कने २०२५ मध्ये २०४० पर्यंत ७० वर नेण्याचं ठरवलं. पेन्शन जितकी लांबते तितकी लवकर थांबणाऱ्याला स्वतःच्या साठ्यावर जास्त वर्षं काढावी लागतात.

पेन्शन वेळेआधी घेता येते तिथेही त्याची किंमत मोजावी लागते. अमेरिकेत १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण सरकारी पेन्शन ६७ व्या वर्षी मिळते. ती ६२ व्या वर्षी सुरू केली तर ३० टक्के कमी मिळते, आणि ही कपात आयुष्यभराची असते.

पाच टक्के मिळतीलच असं नाही

वरच्या हिशेबातला ५ टक्के परतावा हाही एक अंदाजच. तो ३ टक्के मिळाला तर निम्मा पगार वाचवणाऱ्याला १७ ऐवजी १९ वर्षं लागतात, फारसं बिघडत नाही. २० टक्के वाचवणाऱ्याला मात्र ३७ ऐवजी ४७ लागतात. पाहा, बाजाराचा फटका कमी बचत करणाऱ्याला जास्त बसतो, कारण त्याचा साठा स्वतःच्या पैशापेक्षा व्याजावरच जास्त उभा असतो.

बाजार ‘शेवटी वर जातोच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जपानकडे पाहावं. निक्केई हा तिथला शेअर निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये शिखरावर होता. ती उंची त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधे ३४ वर्षं गेली. लाभांश धरले तर चित्र थोडं सुधारतं, पण १९८९ मध्ये सगळा पैसा एकाच देशाच्या शेअरमध्ये ठेवून निवृत्त झालेल्याला ते पुरलं नसतं.

याहून नीट समजून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे परताव्याचा क्रम. दोन माणसं निवृत्त होतात. दोघांकडे १००, आणि दोघंही दर वर्षाच्या सुरुवातीला ४ काढतात. पहिल्याला तीन वर्षांत मिळतं उणे ३० टक्के, मग १० टक्के, मग ४० टक्के. दुसऱ्याला हेच आकडे उलट क्रमाने. कुणीच पैसे काढले नसते तर दोघांकडे शेवटी सारखेच, जवळपास १०८ असते. आता काढणं धरून पाहू. पहिल्याकडे ४ काढल्यावर ९६ उरले, ते पडून ६७ झाले. त्यातून पुन्हा ४ काढले. जी रक्कम पुढच्या तेजीत वाढायला हवी होती तीच खाण्यात गेली. तीन वर्षांअखेर त्याच्याकडे ९२ उरतात, दुसऱ्याकडे ९८. फरक ६ चा, म्हणजे दीड वर्षाच्या खर्चाचा, आणि तोही तीनच वर्षांत. परतावा सारखा, शिस्त सारखी; एकाने नोकरी सोडली ते वर्ष वाईट निघालं, एवढाच फरक. बेंगनच्या अभ्यासात सगळ्यांत वाईट हाल १९६० च्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झालेल्यांचे निघाले ते याचमुळे. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांतच १९७३-७४ ची मोठी पडझड आली आणि सोबत सत्तरच्या दशकातली महागाई.

म्हणून निवृत्तीची पहिली पाच-सहा वर्षं फार जपायची असतात. दोन-तीन वर्षांचा खर्च शेअरबाहेर, हाताशी ठेवायचा. बाजार पडला तर त्या वर्षी सहल, घरदुरुस्ती पुढे ढकलायची. जमलं तर थोडं कामही करायचं. खर्च लवचिक असलेला माणूस तगतो. ज्याने आधीच खर्च तळापर्यंत छाटून निवृत्ती गाठलेली असते त्याला अशा वर्षी छाटायला काही उरलेलंच नसतं. अति काटकसरीने लवकर थांबण्यात हा मोठा धोका आहे.

गुंतवणुकीवरच्या शुल्काचंही तसंच. वर्षाला १ टक्का म्हणजे किरकोळ वाटतो. पण ५ टक्क्यांनी ३० वर्षांत १ चे ४.३ होतात आणि ४ टक्क्यांनी ३.२. साठ्याचा चौथा हिस्सा शुल्कात गेला. आणि महागड्या व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर ते आधी फेडावं. त्याहून खात्रीचा परतावा दुसरीकडे मिळत नाही.

ठरवण्याआधीच थांबावं लागलं तर

आपण गृहीत धरतो की निवृत्ती कधी घ्यायची हे आपल्या हातात आहे. अमेरिकेतली एम्प्लॉयी बेनिफिट रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था दर वर्षी नोकरदार आणि निवृत्त लोकांची पाहणी करते. त्यात जवळपास निम्मे निवृत्त लोक सांगतात की आपण ठरवलं होतं त्याआधीच काम थांबलं. काही जण परवडतंय म्हणून थांबलेले असतात, पण आजारपण, अपंगत्व आणि कंपनीतले बदल ही कारणं ठळकपणे येतात.

‘मी काही लवकर निवृत्त होणार नाही, मला बचतीची घाई नाही’ असं म्हणणाऱ्याने हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. पंचावन्नाव्या वर्षी कंपनीने नारळ दिला किंवा पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहणं जमेना, तर ती लवकर निवृत्तीच असते, फक्त न मागितलेली. तिच्यासाठी लागणारी तयारी आणि हौसेने घेतलेल्या निवृत्तीची तयारी सारखीच आहे. म्हणून साध्या पगाराच्या माणसाने २५ पटीकडे पाहून हताश होण्यापेक्षा, आज पगार थांबला तर घर किती महिने चालेल हे आधी मोजावं. तीन महिन्यांचे सहा झाले की नोकरी गेल्यावर मिळेल ते काम धरायची वेळ येत नाही. बारा झाले की साहेबासमोर ‘नाही’ म्हणता येतं. दोन वर्षांचे झाले की नवं कौशल्य शिकायला थांबता येतं. हे सगळं २५ पटीच्या कितीतरी अलीकडे मिळतं.

मधली वाट

आता तिसऱ्या उत्तराकडे. वर्षाच्या खर्चातला अर्धा भाग हलक्या किंवा अर्धवेळ कामातून येत असेल, तर साठा अर्धाच लागतो: साडेबारा पट. २० टक्के वाचवणाऱ्याला तिथे पोचायला ३७ ऐवजी २६ वर्षं लागतात. पंचविशीत सुरुवात केली तर वय ५१. ३० टक्के वाचवता आले तर ४३. पुढे अर्धवेळ कामही झेपेना झालं, तर उरलेल्या अर्ध्या खर्चाला सरकारी पेन्शनचा हात लागतो. ती नसेल किंवा तुटपुंजी असेल तर मात्र साडेबारा पटीवर निर्धास्त राहता येणार नाही.

तशा माणसासाठी आणखी एक सुरक्षित रूप आहे. ५१ व्या वर्षी साडेबारा पट साठली आहे. आता साठ्याला हात लावायचा नाही, पण त्यात नवी भरही घालायची नाही. ५ टक्क्यांनी रक्कम साधारण १४ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे पासष्टीत ती आपोआप २५ पट होईल. या १४ वर्षांत त्याला फक्त चालू खर्चापुरतं कमवायचं आहे, बचतीसाठी नाही. आजवर तो पगाराच्या ८० टक्क्यांत जगत होता, तेव्हा २० टक्के कमी पगाराची नोकरी त्याला चालेल: रात्रपाळी नसलेली, घराजवळची, आठवड्यातून चार दिवसांची किंवा गुडघ्यांना सोसणारी. कागदावर याला कुणी निवृत्ती म्हणणार नाही. पण थकलेल्या माणसाला विचारा. त्याला बहुतेक वेळा काम नको नसतं, ते काम त्या वेगाने नको असतं.

यात अडचण आहे ती अशा नोकऱ्यांची. अनेक ठिकाणी अर्धवेळ काम म्हणजे तासाचा दरही कमी, आरोग्य विमा नाही, रजा नाही. पन्नाशीनंतर नवी नोकरी मिळणंही सोपं नसतं. म्हणून चाळिशीपासूनच, आहे त्याच ठिकाणी तास कमी करून घेता येतील का याची चाचपणी करावी. ओळखीच्या जागी, कामाची कदर असताना ही बोलणी जास्त जमतात. नोकरीबरोबर जाणाऱ्या आरोग्य विम्याचा हिशेब वेगळा मांडावा, कारण खर्चाचा अंदाज सगळ्यांत जास्त तिथेच चुकतो.

आणि थांबायचं नक्की झालं, मग पूर्ण असो वा अर्धं, तर राजीनामा देण्याआधी एक वर्ष नोकरीत राहूनच नव्या खर्चात जगून पाहावं. उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. त्या वर्षात घराची गळती निघेल, कुणाच्या घरी कार्य निघेल, गाडी बंद पडेल, दात दुखेल. हे सगळं होऊनही त्या खात्याला हात लागला नाही, तर आकडा बरोबर आहे. लागला, तर किती वेळा आणि कशासाठी लागला ते लिहून ठेवावं, त्याची बेरीज वर्षाच्या खर्चात मिळवावी आणि पट नव्याने काढावी.